ठेंगणीची मुळं

मुळं धुणं हे पगारी काम असतं, असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग हसतात. हसा बापडे. मक्याच्या संशोधन केंद्रात आमच्या ताईंनी एकतीस वर्षं मुळं धुतली, आणि मक्यातलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस मी तरी तिथे दुसरा पाहिला नाही. साहेब लोकांना हे वाचून राग येईल. येऊ दे. माझ्या फायलीत जो शेरा बसायचा तो बसून गेलाय, आता आणखी काय करतील?

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे. शिकायला येणारी मुलं त्यांना मूळमावशी म्हणत, मी ताई म्हणायचो. माझं काम कुंडीघराचं. काचेच्या छपराची लांबलचक खोली, तिथे कुंड्यांत मका वाढवून चाचण्या घेतात. त्या खोलीत जाणारी मातीची मूठ न् मूठ आधी माझ्या हातून वाफवून निघायची. पेटीत भरायची, बॉयलर लावायचा, तीन तास वाफ. कीड, रोग, तणाचं बी, सगळं खलास. चाचणी चोख हवी तर माती कोरी हवी, आणि या एका गोष्टीवरून मी इतक्या जणांशी भांडलोय की ताईंनी माझं नाव वाफोबा ठेवलं. "वाफोबा तापलेत, आज जरा लांबूनच जा," असं त्या मुलांना माझ्यासमोरच सांगायच्या.

त्यांची जागा कुंडीघराच्या मागच्या अंगाला. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा हौद, चार नळ. शेतातून मुळासकट खणून आणलेली झाडं बादलीत भिजत घालायची, मग चाळणीवर धरून बारीक धारेखाली माती सोडवायची. धार जोरात सोडली की केसासारखी मुळं तुटून वाहून जातात, आणि सगळी गंमत त्या केसासारख्या मुळांतच असते. ती पेराएवढी कापायची, क्षाराच्या पाण्यात गरम करायची म्हणजे आरपार दिसू लागतात, आणि मग शाई नि व्हिनेगरमध्ये रंगवायची. होय, शाईच, लिहायची. मुळात बुरशी असेल तर ती निळी पडते. मायक्रोस्कोपखाली शंभर जागा बघायच्या आणि किती जागी निळं दिसलं ते लिहायचं. ताईंची बोटं बारा महिने निळी. त्यांचे यजमान इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायला होते. ते म्हणायचे, "दोघांचाही जन्म धुण्यात गेला, पण हिच्या बोटांचा डाग काही मला निघाला नाही."

बुरशी म्हटलं की आपल्याला शिळा पाव आठवतो. ही बुरशी वेगळी. ती जिवंत मुळात घर करते आणि आपले धागे मातीत लांबवर पसरते, मूळ पोचत नाही तिथवर. तिथून झाडाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून देते, आणि झाड तिला साखर देतं. पण सगळ्याच मक्यांचं तिच्याशी सारखं जमत नाही. काही वाण तिला घरजावयासारखं सांभाळतात, काही दारातही उभं करत नाहीत. खत भरपूर पडलं की बहुतेकांना तिची आठवणही राहत नाही. हे सगळं मला ताईंनी चहा पिता पिता शिकवलं. त्यांना शिकवलं ते केंद्रातल्या पूर्वीच्या मोठ्या शास्त्रज्ञांनी, त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. ताई तेव्हा चाळीस दिवसांच्या बोलीवर कणसं सोलायला आल्या होत्या, शाळा सातवीत सुटलेली. डॉक्टरांनी सहज त्यांना मायक्रोस्कोपपुढे बसवलं, तर त्या दचकून मागेच सरल्या. "अगं बाई, आत कुणीतरी राहतंय," म्हणाल्या. चाळीस दिवसांची एकतीस वर्षं झाली.

त्यांना एक गोष्ट मात्र हौदावरच कळली होती. माती सुटता सुटता काही वाणांची मुळं पांढरीफेक निघतात आणि काहींची पिवळसर. जिथे बुरशी जास्त तिथे पिवळेपणा जास्त. पण उजेडात राहिली की तो रंग उडतो. टेबलावर पोचेपर्यंत सगळी मुळं सारखी. म्हणजे ते दिसणार फक्त धुणाऱ्याला, आणि धुणाऱ्याला विचारतंय कोण?

तर गोष्ट सुरू झाली थंड खोलीवरून. आमच्याकडे चारशेच्या वर जुने वाण होते, कधीकाळी शेताशेतांतून मूठ मूठ जमवलेले. लाल दाण्याचे, काळ्या दाण्याचे, ठिपक्यांचे. कुणाचं कणीस हातभर, कुणाचं बोटभर. एकेका वाणाचा एकेक पत्र्याचा डबा. थंडीत ठेवलं तरी बी म्हातारं होतंच, दर काही वर्षांनी पेरून नवं बी धरावं लागतं. त्याला जागा हवी, माणसं हवीत. दोन्ही कमी झालेली, त्यात खोली थंड करणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक कायमचं बसलं. साहेबांनी, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांनी, चौसष्ट वाणांची यादी केली. शेतातल्या चाचणीत ज्यांचं पीक ठरलेल्या रेघेखाली आलं, ते काढून टाकायचे. साहेब वाईट नव्हते हो. दमलेले होते. वरून रोज एक पत्र यायचं आणि खालून रोज एक यंत्र बंद पडायचं.

ताईंनी यादी वाचली आणि हात पुसत थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. एकतीस वर्षांत त्या न बोलावता तिथे पहिल्यांदा गेल्या असतील. मी बॉयलरच्या झडपेसाठी सही घ्यायला तिथेच उभा होतो.

"साहेब, यातले पाच तरी टाकू नका. यांची मुळं पिवळी असतात."

"मावशी, आपण मुळं विकत नाही, कणसं मोजतो," साहेब हसून म्हणाले.

"खताच्या शेतात मोजता. खत नसेल तिथे हेच तग धरतील. ही दोनशे बारा नंबरची बघा."

दोनशे बारा म्हणजे त्यांची ठेंगणी. ताई वाणांना नंबराने हाक मारायच्या नाहीत. कंबरेएवढं झाड, लालसर दाणे, मुठीत मावेल एवढं कणीस. शेतात हायब्रीडच्या शेजारी ती अशी दिसायची, की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. पण ताईंचा जीव तिच्यावर. खूप वर्षांपूर्वी विहिरीकडच्या पट्ट्यात लावली होती, तेव्हा तिची मुळं अशी पिवळी निघाली की ताईंनी यजमानांना बोलावून दाखवली होती. बिचारे चादरी सोडून आले आणि म्हणाले, "बरी आहेत."

साहेबांनी विषय संपवलाच होता, पण मॅडमनी ऐकलं. मॅडम म्हणजे नव्या रुजू झालेल्या शास्त्रज्ञ, वय तिशीच्या आतलं, बुरशीवरच शिकून आलेल्या. त्या म्हणाल्या, पिवळ्या रंगाचं पुस्तकातही लिहिलंय, साहेब, बघायला काय हरकत आहे? भांडून भांडून त्यांनी एक चाचणी पदरात पाडून घेतली. पाच वाण, प्रत्येकाच्या दोन रांगा. दोन्हींना वाफवलेली, कसहीन माती. फक्त एका रांगेच्या कुंड्यांत मगभर जिवंत माती घालायची, कुंपणाजवळची, जिला कधी खत लागलं नाही आणि जिच्यात बुरशी नांदते. आठ आठवड्यांनी तोलायचं. बुरशीवाली रांग ठळक मोठी झाली तर तो वाण राहील, नाहीतर जाईल. ठेंगणीच्या डब्यात एकशे चाळीस दाणे उरले होते. चाळीस या चाचणीला निघाले.

ताईंची निवृत्ती पाच महिन्यांवर होती. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणून सांगितलं होतं, आणि आता ते खरं की खोटं हे दहा रांगा ठरवणार होत्या. "वाफोबा, मी खोटी ठरले ना, तर या हौदात मला बुडव," असं म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला.

आता माझं सांगतो. सांगायला जीभ जड होते, पण सांगतो.

त्या आठवड्यात माझी दाढ सुजली होती. शुक्रवारी मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. शनिवारी दुपारी गाल घेऊन कामावर येतो तर माझ्या कुंडीघरात, वाफवलेल्या मातीच्या शेजारी, दोन निळी पिंपं. झाकण उघडतो तर कच्ची माती! गांडूळ वळवळतंय! माझं डोकंच फिरलं. मी एक दिवस नाही तर यांनी माझ्या घरात शेतातला उकिरडा आणून ठेवला? कुणाला विचारायचं? शनिवार, सगळे अर्ध्या दिवसाने गेलेले. मी झाकणं काढून पालथी टाकली, दोन्ही पिंपं पेटीत रिकामी केली आणि तीनऐवजी चार तास वाफ दिली. रागाचा एक तास वरून. मग माती गार करून पुन्हा त्याच पिंपांत भरली, झाकणं लावली, जागच्या जागी ठेवली. सोमवारी ताई आणि मॅडमनी आपल्या हातांनी कुंड्या भरल्या, एका रांगेत त्या पिंपांतली मगभर माती घातली. मी तेव्हा बॉयलरचं वायसर बदलत होतो. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी कुणाला काही सांगितलं नाही. माती वाफवली हे काय सांगायचं? मी रोज तेच करतो.

रोपं उगवली. दोन आठवडे झाले, चार झाले. दोन्ही रांगा सारख्याच किडमिड्या. मॅडम रोज पट्टी घेऊन यायच्या आणि उंची लिहून जायच्या. आठव्या आठवड्यात झाडं उपटली. ताईंनी हौदावर धार बारीक करून एकेक मूळ सोडवलं. सगळी पांढरी. तांदूळ धुवावा तशी पांढरी. मायक्रोस्कोपखाली शंभरात एकही निळं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाला ताई माझ्यासमोर बसल्या होत्या. कप हातात, नजर कपात.

"म्हातारी झाले रे मी. जे नव्हतं ते दिसत होतं इतकी वर्षं."

"असं काय बोलता ताई? माती चांगली नसेल."

"माती कसली वाईट? मी स्वतः खणली, कुंपणाजवळची. गांडुळं होती तिच्यात. दोन निळी पिंपं भरून तुझ्या इथे ठेवली होती, झाकणावर खडूने 'जिवंत' असं लिहून. ती तू आजारी होतास ना, तेव्हा."

मी खुर्ची धरली. ताईंना वाटलं दाढ पुन्हा दुखतेय, त्यांनी लवंग आणून दिली. मी ती चघळत बसलो. झाकणं मी पालथी टाकली होती. खडू पुसून गेला असणार. ते शब्द माझ्या नजरेला पडले होते की नव्हते, देव जाणे. पडले असतील आणि रागात मी वाचले नसतील, असंच मला वाटतं.

सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक कुंडी चुकली नव्हती, आणि ते मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलेलं होतं. शिवाय कुणाला कळणार? गांडुळं काही साक्ष द्यायला येणार नव्हती. पाच दिवस मी असा काढला की बायकोने विचारलं, "कुणाशी भांडण झालं नाही का या आठवड्यात? बरं नाही का?" सहाव्या दिवशी मॅडमनी सांगितलं, ताईंनी साहेबांना चिठ्ठी लिहिलीय. माझी चूक झाली, पाचही वाण काढावेत, असं. दुपारी देणार आहेत.

मी हौदावर गेलो. ताई चाळण्या घासत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: दाढ, राग, पिंपं, चार तास. त्यांनी नळ बंद केला. मला वाटलं, सुटलो, आता म्हणतील, जाऊ दे, होतं माणसाच्या हातून.

"कधी कळलं तुला हे?"

"परवा... म्हणजे चहाच्या दिवशी."

"त्याला पाच दिवस झाले." त्यांचा आवाज चढला नाही, पण हातातली चाळणी त्यांनी हौदात अशी टाकली की पाणी माझ्या तोंडावर उडालं. "माती वाफवलीस, ती चूक. ती मी गिळेन. तू मातीच्या बाबतीत वेडा आहेस हे सगळ्या केंद्राला माहीत आहे. पण हे पाच दिवस? मी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडत होते रे. एकतीस वर्षं मी लोकांना थापा मारल्या असं वाटत होतं मला. आणि तू इथे लवंग चघळत होतास!"

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, पन्नाशीचा माणूस, नळाजवळ उभा राहून रडलो. ताईंनी चिठ्ठी काढून तिचे तुकडे केले आणि म्हणाल्या, "रडून काय होणार? चल साहेबांकडे. मी बोलणार नाही, तू बोलायचं."

बोललो. साहेबांनी माझा यथेच्छ उद्धार केला आणि मी सगळं लिहून सही करून दिलं. हेड असिस्टंटची जागा मला मिळायची होती, ती त्या कागदाबरोबर गेली. पण चाचणी पुन्हा घ्यायला परवानगी मिळाली. ठेंगणीचे आणखी चाळीस दाणे निघाले. साठ उरले. कुंपणाजवळची माती यावेळी मी स्वतः खणली, ताई शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या. माझ्याशी त्या कामापुरतंच बोलत होत्या, "इथे खण, तिथे नको," एवढंच. पिंपं मी कुंडीघरात ठेवली आणि त्यांच्याशेजारी स्टूल टाकून जेवलो.

पुन्हा आठ आठवडे. आणि यावेळी, काय सांगू! तिसऱ्याच आठवड्यात तिरकीची एक रांग दुसरीला मागे टाकून निघाली. तिरकी म्हणजे शहाऐंशी नंबर, नेहमी एका बाजूला कलून पडणारा वाण, ताईंना तो कधीच फारसा आवडला नव्हता, पाचांत शेवटचा म्हणून घेतला होता. बुरशीवाल्या कुंड्यांत तिची झाडं दुपटीच्या वर झाली. आणखी एका वाणाचंही बरं निघालं. ताई तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. "वाफोबा, वाचलास बघ." मी मनात म्हटलं, आपण दोघंही.

पण ठेंगणीच्या दोन्ही रांगा सारख्याच होत्या.

शेवटच्या दिवशी ताई मायक्रोस्कोपवर बसल्या होत्या, मी बाजूला बशा पुसत होतो. ठेंगणीची बशी त्यांनी तीनदा मोजली. हातातल्या मोजणीयंत्राचा खटका मला ऐकू येत होता, म्हणजे येतच नव्हता. बराच वेळ शांत, मग एक खट्, पुन्हा शांत.

"किती?"

"शंभरात सात."

खोलीत आम्ही दोघंच. मॅडम तराजूच्या खोलीत. वजनं नंतर जुळवता आली असती, निदान मला तसं वाटलं. माझं त्यांचं देणं होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "ताई, सत्तर लिहा. कोण बघतंय?"

"मी बघतेय की," त्या म्हणाल्या, आणि सात लिहिलं.

मग निळी बोटं एकमेकांत अडकवून बसल्या. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, बुरशीही एक जातीची नसते, शेकडो जाती. विहिरीकडच्या मातीत वेगळी असेल, ठेंगणीचं तिच्याशी जमत असेल, कुंपणाजवळचीशी नसेल. तपासायला हवं. पण विहिरीकडच्या पट्ट्यावर आता गाड्या लावायची जागा झालीय, सगळं डांबर. ताई म्हणाल्या, "किंवा माझे डोळे चुकले असतील. तेही असू शकतं." आणि उठून हात धुतले.

पुढच्या आठवड्यात त्या निवृत्त झाल्या. भाषण नको म्हणाल्या, चाळणी तेवढी मागून घेतली.

त्यांच्या निवृत्तीला अकरा दिवस झाले तेव्हा माझ्याकडे डबे आले. बासष्ट. चौसष्टमधले दोन वाचले, बाकीचे एका हातगाडीवर रचून आले, वर आदेश: वाफ देऊन निकामी करावे. आमच्याकडे नको असलेलं बी असंच संपवतात, नुसतं फेकलं तर भलतीकडे उगवेल म्हणून. हे काम माझंच. मी यापूर्वी कितीदा केलंय. बॉयलर लावला, काटा वर चढला, पेटीचं दार उघडलं, आणि पहिलाच डबा हातात आला तो दोनशे बारा. हलवून पाहिला. साठ दाणे आत खुळखुळले.

मी बॉयलर बंद केला आणि ती गाडी ढकलत साहेबांच्या दारात नेली. कारकून म्हणाला, गाडी आत नेता येणार नाही. मी म्हटलं, बघच.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"साहेब, हे माझ्याने होणार नाही."

"तू मला शिकवणार? चाचणी झाली ना? दुसऱ्यांदा झाली. तुझ्यामुळे."

"माझ्यामुळेच म्हणतोय. मी चार तास वाफ देऊन माती मारली. तरी निभावलं, कारण कुंपणाजवळ अजून माती होती आणि डब्यात अजून दाणे होते. माझी चूक निस्तरता आली. आता तुमची चूक असेल तर? असेलच असं नाही म्हणत. पण असली, तर ती निस्तरायला कुठून आणायचं? हे मेलं की माझ्यासारख्याने येऊन कितीही कबुली दिली, तरी उपयोग काय?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटलं, गेली नोकरी.

"जागा कुठे आहे?" ते शेवटी म्हणाले. "आणि पेरून बी कोण धरणार? माणूस दे मला, जागा दे."

"माणूस मी. कुंडीघरामागे पट्टा पडून आहे. वर्षाला सहा वाण लावतो, कणसांना पिशव्या बांधतो. फावल्या वेळात."

"एक फळी," साहेब म्हणाले. "थंड खोलीतली एक फळी देतो. त्यावर मावतील तेवढे ठेव, बाकीच्यांना वाफ. कुठले ठेवायचे ते तू ठरव, मला विचारू नकोस."

फळीवर डबे मावत होते वीस. बेचाळीस मारायचे, तेही मी निवडून. बासष्ट डब्यांसमोर मी दिवसभर बसलो आणि एकही बाजूला काढू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या घरी गेलो. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, यजमान इस्त्री करत होते, सून भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही निवडा, ताई. मला त्यातलं कळत नाही."

"मला तरी कुठे कळतं? मी निवडली ती नापास झाली आणि नको होती ती पहिली आली." मग एकदम, "साहेब नक्की काय म्हणाले? फळी म्हणाले की डबे?"

"फळी."

"अरे वेड्या, एकेका डब्यात ओंजळभर बी आणि बाकी हवा आहे. हवा कशाला गार करायची?"

सून हसायलाच लागली. यजमान इस्त्री उभी करून म्हणाले, "घेऊन जा बाबा हिला. बारा दिवस झाले, घरातली प्रत्येक भाजी तीनदा धुतेय."

फाटकावर त्यांना पाहुणी म्हणून सही करावी लागली. आम्ही थंड खोलीच्या बाहेर जमिनीवर कापड अंथरून बसलो, मॅडमनी ओलावा आत न जाणारी चांदीसारखी पाकिटं आणून दिली आणि स्वतःही मांडी घालून बसल्या. डबा उघडायचा, दाणे मोजायचे, पाकिटात घालून तोंड बंद करायचं, वर नंबर, आणि खाली शेऱ्याच्या चौकटीत कारण. बहुतेकांवर मॅडम लिहीत होत्या, "पीक कमी." तीन वाजेपर्यंत एकसष्ट पाकिटं एका फळीवर उभी राहिली, पुस्तकांसारखी दाटीवाटीने, आणि तरी हातभर जागा उरली.

ठेंगणीचं पाकीट ताईंनी स्वतः केलं. साठ दाणे दोनदा मोजले. मॅडमनी पेन पुढे केलं तेव्हा त्या अडखळल्या. नंबर लिहायची सवय होती, कारण लिहायची नव्हती. चौकटीत काय लिहू, असं त्यांनी आम्हाला विचारलं, आणि आम्ही काही सांगायच्या आत वाकून लिहू लागल्या. त्यांचं अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं, त्यामुळे ते चौकटीच्या बाहेर गेलं.

संध्याकाळी साहेब फळी बघायला आले. सगळी पाकिटं मोजली, बासष्ट भरली, माझ्याकडे एकदा रागाने पाहिलं. मग ठेंगणीचं पाकीट उचलून चष्म्याजवळ नेलं आणि मोठ्याने वाचलं.

"चाचणीत नापास. का, ते आम्हाला कळलं नाही. टाकू नये."

त्यांनी खिशातून पेन काढलं, त्याखाली सही केली आणि पाकीट जागेवर ठेवलं.